पडद्यावरचे सर

हसू नका, पण परवा वर्गात माझी इज्जत माझ्याच व्हिडिओनं घालवली. बीएस्सीच्या पोरांसाठी इंटिग्रेशनचा धडा मी घरी लई हौसेनं रेकॉर्ड केला होता, रंगीत हलते आलेख टाकून. प्रोजेक्टर सुरू केला अन् मागच्या बाकावर मोबाईल बघत निवांत बसलो.

मधेच मुकुंदवाडीहून येणाऱ्या प्रज्ञानं हात वर केला. माझं लक्षच नाय. तेवढ्यात पडद्यावरचा मी विचारतो, "कुणाला काही शंका?" अन् श्वाससुद्धा न घेता स्वतःच म्हणतो, "नाय ना? छान! चला पुढं."

पोरी हात वर केलेल्या प्रज्ञाकडं बघून खो-खो हसायला लागल्या. मी धडपडत उठून व्हिडिओ थांबवला. कान नुसते तापले होते. म्हटलं, "चुकलं माझं. उद्यापासून फळ्यावरच शिकवतो."

"नको सर, व्हिडिओच असू द्या," प्रज्ञा म्हणाली.

"का गं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पोरगी काकुळतीला येऊन म्हणाली, "फळ्यावर पण तुम्ही असंच करता, सर. व्हिडिओ निदान मागं तरी घेता येतो."