सर्जरीच्या हद्दीतली खोली

—नाही हो रेखाताई, खोली मग बघतो, लहान असली तरी चालेल, आधी एवढंच सांगा, तुमची ही गल्ली कोपऱ्यावरच्या सर्जरीच्या, म्हणजे त्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, हद्दीत येते ना? येते? तुम्ही स्वतः तिथंच जाता? मग झालं. खालचीच खोली ना, जिना नाही ना? मग ठरलीच समजा. हसू नका. इंग्लंडात येऊन या कॉव्हेंट्रीत उभा जन्म काढला मी, गाड्यांच्या कारखान्यात, पण दवाखान्याच्या हद्दीसाठी घर शोधायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही इकडेच राहायचो, गेल्या वर्षापर्यंत. बायकोला, अलकाला, जिना चढवेना, म्हणून घर विकलं आणि मुलाकडे, उदयकडे गेलो, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा चांगला आहे, सून तर विचारूच नका — तक्रार नाही. पण पत्ता बदलला आणि सर्जरीनं नाव काढून टाकलं. हद्दीबाहेर. नियम म्हणजे नियम.

तिथं ती जोआन आहे ना — अमेरिकेतून आणलेली — फिजिशियन असिस्टंट म्हणतात. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे, डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासते. मला आधी वाटलं, डॉक्टर पुरत नाहीत म्हणून हिला बसवलीय. पण तिनं काय केलं माहितीय? अलकाला विचारलं, कसं वाटतंय, आणि गप्प बसली. वाट बघत. अलकाची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती, एक वाक्य पुरं करायचं तर दमून जायची. सवयीनं मीच मध्ये बोलायला गेलो, तर जोआननं मला हातानं थांबवलं. ‘लेट हर फिनिश.’ मग अलका बोलली — अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत — बोलली आणि रडली. तोवर कोण म्हणे घसा, कोण म्हणे मनाचं आहे. जोआनला शंका आली, तिनंच हॉस्पिटलला पाठवलं. मोटर न्यूरॉन — नसांचा आजार, बोलणं, गिळणं, हातपाय, एकेक बंद पडत जातं. नाही हो, औषध नाही त्यावर. बरं करा असं मी मागतच नाही.

उदयकडचा नवा डॉक्टर वाईट आहे असं नाही. पण तो माझ्याकडे बघून विचारतो, ‘शी ईटिंग ओके?’ ती समोर बसलेली! बहिरी नाही, वेडी नाही! घरी आल्यावर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पुन्हा तिथं येणार नाही म्हणाली — म्हणजे, म्हणाली नाही. बोलते कुठं आता? दिवाळीपासून शब्द नाही. फोनवर मी तुम्हाला म्हटलं खरं, बायको गप्पिष्ट आहे, तुम्हाला सोबत होईल... होती हो तशी. मंडळाच्या कार्यक्रमात तिला आवरायला लागायचं.

इतरत्र विचारलं नाही असं वाटतं तुम्हाला? किती सर्जऱ्यांना फोन केले. ‘फिजिशियन व्हॉट?’ म्हणतात. शब्दच ठाऊक नाही. एका खासगी क्लिनिकमध्ये तशी एक बाई सापडली, तर ती एनएचएसचे, सरकारी फुकट उपचारांचे, पेशंट घेत नाही. उदयला यातलं काही सांगितलेलं नाही. तो म्हणेल, बाबा, आता थोडेच दिवस, आईला कशाला हलवता? अरे, थोडेच म्हणून तर! तेवढ्यात तरी कुणी तिच्याकडे बघून—

काय? काय म्हणालात?

जोआन?... कधी? ईस्टरलाच?... नाही, मला कोण कळवणार, आम्ही हद्दीबाहेर ना. करार संपला. बरोबर आहे, तिचंही घर असेल तिकडे. आणि तिच्या जागी?... कुणीच नाही.

बरं.

अहो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता, तुमचा काय दोष. नको, चहा नको. खोलीही नका दाखवू आता. बाहेर गाडीत बसलीय ती. खोली ठरली की जोआनकडे जायचं असं तिला सांगितलं होतं, तर सकाळी डोळ्यांनी कपाटाकडे खूण केली — निळी साडी. केवढा वेळ लागला नेसवायला, मला कुठं जमतंय. पदर सारखा आखूडच होत होता.

नाही, दारापर्यंत येऊ नका. तुमच्या चेहऱ्यावरून तिला कळेल. मी जरा इथंच उभा राहतो, माझा चेहरा नीट होईपर्यंत. तुम्ही जा आत. जा हो.