अंगठ्याएवढी झडप

अहो, अंगठ्याएवढी झडप हो! तुम्हाला सांगते, एवढीशी... आमच्या यजमानांच्या, हबीबआगांच्या श्वासाच्या मशीनची. बिघडली, म्हणून हांबुर्गच्या भाच्याला आणायला सांगितली, तर तिथली कंपनी म्हणते, इराणला नाही देत! का? तर म्हणे, ही वस्तू दोन कामांची आहे. एक श्वास, आणि दुसरं... अणुबॉम्बचा कारखाना! मी म्हटलं, कंबीझ, राजा, त्यांना सांग, 'काशानला माझी मावशी राहते, साधा कुकर उघडताना दहा वेळा देवाचं नाव घेते.' मी काय बॉम्ब करणार होते?

"नियम आहे, खालेजान. बॉम्ब पसरू नयेत म्हणून."

अरे, पसरू नयेतच! रोज नमाजात तेच मागते मी. पण ज्यांच्या कोठारात हजारो पडलेत, त्यांच्या झडपा कोण अडवतं? आणि आमच्याकडचे मोठे साहेब, ते टीव्हीवर छाती फुगवून बोलतात, त्यांना दम लागत नाही हो... दम लागायचा हबीबआगांना! तरी हसायचे. "मरझिये, अख्ख्या जगाला... घाबरवलंस... मी सोडून!"

मग हजरत अब्बासांना नवस बोलले. झडप आली की चाळीस वाट्या शोलेजर्द वाटीन, तांदळाची पिवळी खीर हो, केशर, गुलाबपाणी, कश्शात हात आखडणार नाही! इकडे फॉर्म आले, चौदा पानं. 'ही वस्तू दुसऱ्या कामाला वापरणार नाही', सही करा. केली. पुन्हा करा. केली. मी काय बॉम्ब करणार होते?

सात महिने... आणि आली! हबीबआगा गेल्याचा चाळिसावा दिवस होऊन वर अकरा दिवस झाल्यावर.

आता नवसाचं काय? मी 'झडप आली की' म्हटलं होतं, 'ते बरे झाले की' म्हणायचं सुचलंच नाही हो! शेजारची तूबाखानम म्हणाली, "अगं, असा नवस माफ असतो." सोडू कशी? हजरतांनी उशिरा का होईना, माझं ऐकलं ना! शिजवली खीर. वर दालचिनीने देवाचं नाव काढायला गेले, तर बोटांतून प्रत्येक वाटीवर 'हबीब'च उतरलं... एक वाटी त्या बॉम्बवाल्यांच्या नावाने बाजूला ठेवली. त्यांच्याही, आमच्याही. तोंड गोड झालं तर सुचेल काही, कुणी सांगावं!

आणि झडप? मशीन दवाखान्याचं, त्यांनी भंगारात काढलं. मी झडप घेऊन गेले, तर म्हणाले, "ही आता कुठेच बसत नाही, बाई." मग घरी आणली. हबीबआगांचा फोटो वाऱ्याने सारखा पडतो, त्याला टेकू लावलाय तिचा. अगदी घट्ट बसलीय.

म्हणजे बघा, चौदा पानांवर सह्या करून शब्द मोडला तो मीच... बरोबर होते हो ते कंपनीवाले साहेब. दोन कामांचीच निघाली.