माझ्या खात्यात जावयाचा फोन

जबाब देणार : महिला, वय ५८ वर्षे, धंदा घरगुती शिवणकाम. नाव व पत्ता तिच्या विनंतीवरून स्वतंत्र पाकिटात ठेवला आहे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी घरी एकटी राहते. माझी मुलगी गेल्या वर्षी अंगावरच्या कपड्यांनिशी नवऱ्याचे घर सोडून आली. तेव्हा तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. तिला मी बायकांच्या वसतिगृहात ठेवले. हे नात्यात कोणालाही ठाऊक नाही. मी आठवड्यातून एकदा तिला भेटून येते.

मागच्या आठवड्यात जावई वसतिगृहाच्या फाटकासमोर उभा असलेला मुलीने खिडकीतून पाहिला. तो आत आला नाही, नुसता उभा राहिला व गेला. मुलीने मला विचारले, "आई, तू कुणापाशी बोललीस का?" मी तिची शपथ घेऊन नाही म्हटले. तिचा विश्वास बसला की नाही, सांगता येत नाही.

मी वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गाला जाते. वर्ग नवशिक्यांचा आहे. आज सकाळी बाईंनी लॉगिन शिकवले. खाते म्हणजे आपली खोली, पासवर्ड म्हणजे तिची किल्ली, लॉगिन म्हणजे आत जाणे. मी म्हणाले, स्क्रीन बंद केली की आपण बाहेर. बाई म्हणाल्या, "मावशी, दार नुसतं लोटून कुलूप लागत नाही. लॉगआउट होईपर्यंत आत गेलेला आतच असतो."

मग आपल्या खात्यात कोणकोण शिरले आहे ते त्यांनी पाहायला लावले. माझ्या खात्यात वर्गातला संगणक, माझा फोन आणि आणखी एक फोन निघाला. त्याचे नाव वाचले, तर तो जावयाचा होता. मुलगी नांदत होती तेव्हा माझा फोन त्यानेच आणून सुरू करून दिला होता, पासवर्डही त्यानेच ठरवला होता. शेजारीण जावयाला दहावा ग्रह म्हणायची. माझा सोन्यासारखा आहे, असे मी तिला सांगत असे.

आत असलेल्याला काय दिसते, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, फोटो दिसतात, आणि लोकेशनही. लोकेशन म्हणजे काय, तर आपला फोन आत्ता कुठे आहे ते. मुलीकडे जाताना फोन माझ्या पिशवीतच असतो. मी बाईंना म्हटले, त्याला आत्ताच बाहेर काढा.

बाईंनी जावयाचा फोन खात्यातून काढला व पासवर्ड बदलून दिला. आम्ही खुर्चीवरून उठलोही नव्हतो, तोच त्याचा फोन आला. तो नेहमीसारखा गोड बोलला. "आई, मला बाहेर का काढलंत? असू दे. मी पोहोचलोच आहे."

वसतिगृहाला लागून लाकडाची वखार आहे. तिथल्या करवतीचा आवाज मला त्याच्या बोलण्यामागे ऐकू आला. मी तशीच येथे पोलीस ठाण्यात धावत आले. चपला वर्गातच राहिल्या.

जावयाला वसतिगृहाच्या जिन्यात ताब्यात घेतल्याचे मला आता सांगण्यात आले. मुलगी स्वयंपाकघराला आतून कडी लावून बसली होती. ती सुखरूप आहे. तिला दुसरीकडे हलवले आहे. कुठे, ते मी विचारलेले नाही, आणि मला सांगू नये अशी माझी विनंती आहे.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरवला आहे, म्हणून खाली सही करते.