कधीही न ठोकलेली गाडी

(अमेरिकेतलं इंडियाना राज्य. जुन्या गाड्यांच्या लिलावाचं मैदान, दुपार. तंबूतल्या रांगेत बोलीची वाट पाहणारी १९७० सालची निळी शेव्हेल मोटार. तिच्याजवळ लव्हॉन रेडमाकर, हार्लनची विधवा, आणि ती गाडी बांधणारा ड्वेन फिस्टर. दोघंही सत्तरीतले.)

ड्वेन: इथं नको गं, लोक ऐकतायत. चल, तिकडे बाकावर बसू. लिंबू सरबत आणतो तुला.

लव्हॉन: सरबत घरी मिळतं मला. ही पट्टी इथं काय करतेय तेवढं सांग.

ड्वेन: कुठली पट्टी?

लव्हॉन: सोंग घेऊ नकोस, ड्वेन. काचेतून दिसतेय ती. डॅशबोर्डवरची, कारखान्यानं दिलेल्या नंबराची. डाव्या टोकाला ओरखडा आहे बघ. गाडी भंगारात जायच्या आधी हार्लन ती उचकटत होता तेव्हा स्क्रूड्रायव्हर घसरला त्याचा. इतकी वर्षं माझ्या सिंकच्या वर खिळ्याला होती ती. भांडी घासताना दुसरं काय बघणार मी?

ड्वेन: हो. तीच आहे. मी सांगणारच होतो तुला.

लव्हॉन: कधी? बोली लागून गेल्यावर?

ड्वेन: घरी जाताना, गाडीत. निवांत.

लव्हॉन: निवांत. गेल्या हिवाळ्यात माझ्या टेबलाशी बसून मी भाजलेली मऊ बिस्किटं नि ग्रेव्ही ओरपत होतास तेव्हा काय घाई होती तुला? काय म्हणालास आठवतंय? "ब्रेंटच्या आठवणीला त्याची गाडी पुन्हा बांधतोय. नक्कलच, पण अशी की त्याच्या आईलासुद्धा फरक कळू नये. पट्टी चार दिवस दे, तिच्यावरून तशीच एक कोरून घेतो. अस्सल पट्टी काचेच्या चौकटीत घालून परत आणतो." मी खिळ्यावरून काढली, रुमालात गुंडाळून दिली. हार्लनच्या पेटीतला गाडीच्या मालकीचा कागदही दिला, चौकटीत पट्टीखाली लावायला हवा म्हणालास म्हणून.

ड्वेन: तेव्हा माझ्या मनात तेच होतं. देवाशपथ.

लव्हॉन: देवाला मधे आणू नकोस. त्याला इथं आत यायला तिकीट पडेल.

ड्वेन: ऐक तरी. रागाव, पण ऐक. मी आयुष्यभर नकला बांधल्या, लव्हॉन. साधी, लहान इंजिनाची गाडी घ्यायची, गंज कापायचा, दांडगं इंजिन बसवायचं, पट्टे ओढायचे. वेल्डिंगची शिवण अशी की कारखान्यात जमली नसेल. आणि मग इथं आणून उभी करायची, पुढे पाटी, 'नक्कल'. लोक येतात, बॉनेटवर हात फिरवतात, वा म्हणतात, आणि पाटी वाचली की पुढे जातात. बाजूला कुणाची तरी अस्सल उभी असते, रंग उडालेला, दार लोंबतंय, आतून उंदराचा वास. तिच्यापाशी ही झुंबड. का, तर तिचा नंबर खरा. माझ्या हाताला किंमत नाही, त्या बोटभर पत्र्याला आहे.

लव्हॉन: म्हणून माझ्या घरातला बोटभर पत्रा उचललास.

ड्वेन: उचलला नाही. तू दिलास.

लव्हॉन: हे मात्र अगदी खरं बोललास. मी दिला.

ड्वेन: तसं नाही म्हणायचं मला. हे बघ, पट्टी माझ्या बाकावर पडलेली होती, आणि समोर ही, रंग नुकता सुकलेला. हार्लननं घेतला होता तोच निळा. मी नुसती ठेवून पाहिली डॅशबोर्डवर. कशी दिसते म्हणून. आणि लव्हॉन, मला रडू आलं. वाटलं, हार्लनची गाडी परत आली. मग ती काढून घेववेना.

लव्हॉन: रिव्हेटं कुणी मारली? रडणाऱ्यानं की दुसऱ्या कुणी?

ड्वेन: मीच.

लव्हॉन: आणि इंजिनावरचा नंबर? तो जुळतो असं लिहिलंय बाहेर.

ड्वेन: तोही मीच ठोकला. एकदा पट्टी बसवली की बाकीचं ओघानं आलं.

लव्हॉन: ओघानं. पुरात घर वाहून गेलेल्या माणसासारखा बोलतोयस. ह्या रंगाखाली मुळात गाडी कुणाची होती ही?

ड्वेन: ओक्लाहोमातल्या एका शाळामास्तरणीची. साधी, रोज शाळेत न्यायची. ती वारल्यावर भाच्यानं विकली.

लव्हॉन: आणि तिचा नंबर?

ड्वेन: काढून टाकला. काय करायचा होता तो?

लव्हॉन: म्हणजे तिचीही गाडी पुसलीस. बिचारी. तिनं तर तुला जेवूसुद्धा घातलं नव्हतं.

केंड्रा: मिस्टर फिस्टर? हाय, मी केंड्रा, लिलावाच्या ऑफिसमधून. तुमच्या पुढे आता थोड्याच गाड्या आहेत हं. आणि ह्या मूळ मालकीणबाई ना? किती छान वाटलं तुम्ही आलात. ड्वेनसाहेबांनी सांगितलंय ना तुम्हाला सगळं? गाडी स्टेजवर आली की तुम्ही तिच्या बाजूला उभं राहायचं, दारावर असा हात ठेवायचा. मी माइक देईन. दोनच वाक्यं. मिस्टरांनी नवी घेतली, घरातच राहिली, एवढं. मूळ घरचं माणूस शेजारी असलं ना, की लोकांचे हात आपोआप वर जातात. आमच्याकडे पद्धतच आहे तशी.

लव्हॉन: दारावर हात. कळलं.

केंड्रा: घाबरायचं नाही हं. मी येतेच परत न्यायला.

ड्वेन: चांगली पोर आहे.

लव्हॉन: हो. खोटं बोलायला किती गोड शिकवते, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नाही. म्हणून मला आणलंस होय इथं? पहाटे दारात येऊन हॉर्न वाजवलास, नवा शर्ट घालून. मी चर्चचा ड्रेस काढला, केस बसवून घेतले. वाटलं, माझ्या मुलाच्या नावानं काहीतरी आहे. चार लोकांत त्याचं नाव घेतील.

ड्वेन: घेतील ना. हार्लनचं घेणारच आहेत.

लव्हॉन: ब्रेंटचं विचारतेय मी. तो बाहेरचा बोर्ड वाचला मी, ड्वेन. माझ्या अल्बममधले फोटो लावलेस. हार्लन शोरूमसमोर, हार्लन जत्रेत. तिसरा बघ. हार्लन गाडीला टेकून उभा, आणि खिडकीच्या काठावर कुणाचं तरी कोपर. नुसतं कोपर. ते कुणाचं, सांग.

ड्वेन: फोटो चौकटीत बसत नव्हता...

लव्हॉन: कुणाचं?

ड्वेन: ब्रेंटचं.

लव्हॉन: त्याच्या विसाव्या वाढदिवसाचा फोटो. त्याच दिवशी हार्लननं किल्ली दिली त्याला. त्याला कापून काढलंस तू.

ड्वेन: काढावं लागलं. गिऱ्हाइकं आता सगळं खोदून काढतात. नाव टाकलं की गावच्या पेपरातली जुनी बातमी निघते. बातमी निघाली की...

लव्हॉन: की माझा मुलगा ह्याच नंबराच्या गाडीत, काउंटी रोडच्या पुलावर मेला, हे निघतं. बोल ना. तोंड भाजत नाही. मी रोज बोलते मनातल्या मनात.

ड्वेन: ठोकलेल्या गाडीला कोण विचारतं, लव्हॉन? त्यात कुणी गेलं असेल तर लोक सावलीलासुद्धा उभे राहत नाहीत.

लव्हॉन: म्हणून बोर्डावर लिहिलंस. मी पाठच केलंय. "पहिल्यापासून एकाच घरात. जपून वापरलेली. कधीही ठोकलेली नाही." मला सांग, गाडी कधी ठोकलीच नाही, तर ब्रेंट कशानं गेला? सर्दीनं?

ड्वेन: तू असं बोलू नकोस.

लव्हॉन: मग कसं बोलू? तू त्याच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा होतास. पाद्रीबाबांच्या आधी तुझ्या हातात होता तो, शर्ट ओला केला होता तुझा. ब्रेंट गेला तेव्हा हार्लन वर्षभर बोलला नाही कुणाशी, तुझ्याशी तेवढा बोलायचा. हार्लन गेला, तेव्हापासून माझ्या अंगणातला बर्फ तू काढतोस. एखादा परका असता तर मी पोलिसांना बोलावलं असतं आणि घरी जाऊन झोपले असते. तुझ्यावर कसं रागवायचं हेसुद्धा मला येत नाही, इतकी सवय आहे तुझी.

ड्वेन: ह्या पैशातलं निम्मं तुझंच आहे. मी ठरवलंच होतं. छप्पर गळतंय तुझं, ते होईल. गुडघ्याचं ऑपरेशन होईल.

लव्हॉन: गुडघा दुखतो तो माझा मला बरा आहे.

ड्वेन: माझे हात बघ. थरथरतात आता. कप धरवत नाही, वेल्डिंग काय करणार. ही शेवटची. एकदाच, फक्त एकदा, मला बघायचं होतं की मी बांधलेल्या गाडीसमोर सगळा तंबू उभा राहतो. नाव हार्लनचं लागलं तरी चालेल. काम माझं आहे हे मला माहीत असतं.

लव्हॉन: मी उभी राहिले असते की रे. नकलेसमोर. बाकी कुणी नसतं आलं तरी मी आले असते, हाच ड्रेस घालून. सकाळी लांबून दिसली तेव्हा हात हलवायला गेले मी. वाटलं, ब्रेंट आतून हॉर्न देईल. इतकी छान बांधलीस तू. तेवढ्यावर राहिला असतास तर जन्मभर तुझे उपकार मानले असते.

ड्वेन: आता काय करू, सांग.

लव्हॉन: पट्टी काढ. माझ्या हातात दे. पुढे पाटी लाव, नक्कल म्हणून. जी किंमत येईल ती घे.

ड्वेन: आता? कागद आत गेलेत, सह्या झाल्यात. आत्ता पट्टी काढली तर बेड्याच पडतील मला. ह्या वयात. तू नुसती उभी राहा, लव्हॉन. बोलू नकोस काही. दारावर हात ठेव, एवढंच. दोन मिनिटं.

लव्हॉन: आणि कुणी विचारलं, हीच का ती गाडी, तर?

ड्वेन: मान हलव.

लव्हॉन: मान हलवायची. बरं. पण आधी तू मला सांग. आपण दोघंच आहोत. नीट विचार करून सांग, मी परत विचारणार नाही. ही तुझी नक्कल आहे, की हीच ती गाडी?

ड्वेन: गाडी म्हणजे शेवटी काय असतं गं? दारं बदलतात, पत्रा बदलतो, टायर किती झिजले असतील. नंबर तेवढा राहतो. सरकारही नंबरालाच ओळखतं.

लव्हॉन: सरकारला घाल चुलीत. तुला विचारतेय.

ड्वेन: लव्हॉन...

लव्हॉन: नक्कल म्हण. एवढा एकच शब्द. मग मी तुझ्याबरोबर ऑफिसात येते, माझीही चूक आहे म्हणून सांगते. पट्टी मी दिली होती, कागद मी दिला होता. बेड्या पडल्याच तर शुक्रवारी डबा घेऊन येईन तुरुंगात, बिस्किटं घालून. पण नक्कल म्हण.

ड्वेन: पुढची गाडी हलली बघ.

लव्हॉन: दिसतंय मला.

ड्वेन: हीच ती.

लव्हॉन: काय?

ड्वेन: हीच ती गाडी आहे. हार्लनची. पट्टी आहे, कागद आहे, तू आहेस. आणखी काय हवं? हीच ती.

लव्हॉन: बरं. तू म्हणतोस तर हीच. तुझ्याएवढं गाड्यांतलं मला कुठं कळतं.

ड्वेन: रागावलीस?

लव्हॉन: नाही. रागावायला माणूस आपलं लागतं.

केंड्रा: चला, आपलाच नंबर. मिसेस रेडमाकर, या माझ्याबरोबर, पायरी जपून हं. आणि स्टेजवर जायच्या आधी एक छोटीशी गोष्ट. टेक्सासहून फोनवर एक गिऱ्हाईक आहे, खूप वरपर्यंत जायला तयार आहे, पण अडून बसलाय. म्हणतो, बोर्डावर काहीही लिहितात, मूळ घरच्या माणसाच्या तोंडून ऐकवा. गाडी एकदाही ठोकलेली नाही, बरोबर ना?

ड्वेन: अगं, लिहिलंय ना सगळं. त्यांना कशाला त्रास देतेस.

केंड्रा: नुसतं हो म्हटलं तरी चालेल, मॅडम. हा घ्या फोन, ह्याच्यात बोला.

लव्हॉन: तो म्हणतो, हीच ती गाडी. मग त्यालाच विचार, पोरी. पुलावर माझ्या मुलाला हिच्यातून त्यानंच बाहेर काढलं होतं.