खोक्याशेजारचा फोटो

बाहियातल्या आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी होत्या. म्हाताऱ्या झुलैदाबाई, आणि तापाने फणफणलेली लेक कडेवर घेतलेली नेउझा.

"मावशी, भिंतीवर बघा, तुमचा फोटो! डासांच्या खोक्याशेजारी काय ऐटीत उभ्या आहात!"

"तिकडे नको गं बघूस."

"का? अख्ख्या गल्लीसाठी तुमच्याच अंगणात ठेवलं होतं ना ते? जनुकं बदललेली अंडी. पाणी घातलं की न चावणारे नर उडणार, आणि त्यांच्या पोटच्या पोरी मोठ्या व्हायच्या आतच मरणार. तरी माझ्या तायनाला डेंग्यू झालाच."

"होणारच. त्या खोक्यातून एकही नर उडाला नाही."

"म्हणजे?"

"मी पाणी ओतून दिलं. वीस वर्षं ही दवाखान्याचीच माणसं दारात येऊन ओरडतायत, साचलेलं पाणी ओता म्हणून. दिसलं की हात आपसूक जातो."

"मग सांगायचं ना! दुसरं खोकं दिलं असतं त्यांनी."

"खोकं घेऊन सांगायलाच आले होते गं इथे. आत पाऊल टाकलं, तर खोकं रिकामं बघून सगळे टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर हात टाकला आणि म्हणाल्या, हसा."

"आणि तुम्ही हसलात."

"हसले."

तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या.

"अहो, त्या फोटोतल्या मावशी ना तुम्ही? रांगेत कशाला उभ्या? सोडा हो त्यांना पुढे."

सगळ्यात आधी नेउझा बाजूला झाली.

"नको गं, तायनाला ताप आहे. तू जा आधी."

"जा की, मावशी. हसत जा."