दुसरा माणूस

...नाही, पण मला एक सांगा, यात माझा काय संबंध? लाइफ जॅकेटचा पट्टा तुटला, या काकांकडे. शिट्टी वाजत नाही, या काकांकडे. अरे, मी काय शिट्टीचा डॉक्टर आहे? विद्यापीठाचा शिडाच्या होड्यांचा क्लब, त्याचं बोटघर, त्या बोटघराच्या दाराशी एक खिडकी, आणि त्या खिडकीत एकवीस वर्षं बसलेला मी. शिडाच्या खोलीची किल्ली, मोटारीची किल्ली, संडासाची किल्ली. बस! माझ्याकडे फक्त किल्ल्या असतात हो!

आता तुम्ही म्हणाल, मग एवढे चिडता कशाला? तर त्याला कारण आहे. आणि ते कारण म्हणजे एक मुलगी.

औषधशास्त्राची विद्यार्थिनी. क्लबच्या मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचली, तेवढ्यात हिला सुरक्षाप्रमुख करून मोकळे! कारण ते पद कोणालाच नको असतं. कप्तान व्हायला सगळे तयार, फोटोत पुढे उभे राहायला सगळे तयार, पण जॅकेटं मोजायची म्हटलं की एकेकाला अभ्यास आठवतो. दुसरी कोणी असती तर सुरक्षेच्या नियमांची फाइल कपाटात टाकून विसरली असती. हिने ती घरी नेली आणि वाचली! अख्खी! एकवीस वर्षांत ती फाइल वाचणारं मी पाहिलेलं हे पहिलं माणूस. दुसऱ्या दिवसापासून गळ्यात शिट्टी, हातात यादी. "काका, सात नंबरच्या जॅकेटची शिवण उसवली आहे." "काका, दोराला गाठ चुकीची आहे." पोरांनी नावच पाडलं, शिट्टी. तिला राग यायचा नाही. शिट्टी तर शिट्टी, म्हणायची, ऐकू आली म्हणजे झालं.

आणि कप्तान. याला होडी चालवायला कोणी शिकवलं असेल असं वाटायचंच नाही, वारा याच्याशी खासगीत बोलायचा जणू. दोन माणसांची होडी, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला शिट्टी, चार वर्षं. भांडायचे काय, हसायचे काय! भिजून परत आले की माझ्या खिडकीखालच्या पायरीवर बसून बुटातलं पाणी ओतत तासतासभर बोलत. काय बोलत? मला काय माहीत? माझ्याकडे फक्त किल्ल्या! पण तुम्हाला सांगतो, डोळे तर होते ना मला. तिला यादी करताना तो लांबून बघायचा, आणि तो एकटा होडी घेऊन गेला की तो परत येईपर्यंत ही धक्क्यावरून हलायची नाही. बोललं मात्र कोणी कोणाला काही नाही. होतं असं.

तर नियम असा, की होड्या पाण्यात असल्या की बचावाची मोटारबोट तयार हवी आणि तिच्यावर दोन माणसं हवीत. एक बोट चालवायला, एक पाण्यातल्याला वर ओढायला. दोघांकडेही बचावाची परीक्षा पास झाल्याचं कार्ड हवं. ते दर दोन वर्षांनी नवीन करायचं, म्हणजे काय करायचं, तर पोहण्याच्या तलावात सगळ्यांसमोर कपड्यांनिशी उडी मारायची आणि एका रबरी माणसाला ओढत काठाला आणायचं. आमच्याकडे कार्डवाले चार. शिट्टी, कप्तान, आणखी एक मुलगा... आणि मी.

हो, मी. आता असे बघू नका. तरुणपणी काढलं होतं, मुदत तेवढी संपलेली.

शिट्टीने नूतनीकरणाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. पहिला चहाच्या कपाखाली गेला. दुसरा टेबल डुगडुगत होतं म्हणून पायाखाली गेला. तिसरा घेऊन ती समोर उभीच राहिली. "काका, या वेळी करा ना. मोठ्या शर्यतीला माणूस कमी पडेल." आता या वयात, हे पोट घेऊन, एकोणीस वर्षांच्या पोरांसमोर तलावात उडी मारू? ती पोरं मोबाइल काढणार, वर्षभर दाखवणार! म्हणून म्हटलं... सहज तोंडातून गेलं हो... म्हटलं, "अगं, झालं की! परवाच करून आलो." आणि तिच्या वहीत सही ठोकली. ती इतकी खूश झाली! "काका, तुम्ही ग्रेट आहात!" म्हणाली. आणि त्या शनिवारच्या तक्त्यात लिहून टाकलं, बचावबोट, चालक ती स्वतः, दुसरा माणूस काका.

तो शनिवार म्हणजे निवडीचा. शर्यत बघायला निवड समितीचे साहेब स्वतः येणार, पहिल्या दोन होड्यांतून राष्ट्रीय संघात एक जण घेणार. कप्तानचं शेवटचं वर्ष, वयाची अट संपत आलेली. म्हणजे ही एकच संधी. त्याचा जोडीदार म्हणून एक नवाच, बिनकार्डाचा मुलगा बसणार होता, कारण शिट्टीला बोटीवर ड्यूटी. तिने ती आपणहून घेतली. "तू पुढे जा, मी मागे आहेच," म्हणाली. हे मात्र मी ऐकलं.

सकाळी साडेनऊला खिडकीत आली. "काका, कार्ड द्या, नंबर लिहायचाय."

काय सांगू तुम्हाला... ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. खिसे चाचपले. चष्मा पुसला. शेवटी ती हळूच म्हणाली, "काका... केलंच नाहीये ना?"

मी म्हटलं, "अगं, पण मला येतं सगळं! कोण बघतंय?"

ती वही उघडून माझ्या सहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, तुम्ही आत जा. आणि कोणी काही विचारलं तर बोलू नका. खोटी सही आहे ही, कळलं तर नोकरी जाईल तुमची." पेन काढलं, माझं नाव गिरवून गिरवून काळं केलं, आणि बाहेर गेली.

तो आणखी एक कार्डवाला मुलगा परीक्षेला गेलेला. पाहुण्या संघाकडे विचारलं, त्यांच्यात कोणाकडे कार्ड नाही. तिने एकवीस फोन केले, मी मोजले. मग खांबावर लाल बावटा चढवला. शर्यत रद्द.

बाप रे, काय गलका! साहेब खुर्चीतून उठून, "अहो, एक माणूस कमी म्हणून शर्यत रद्द? वारा तरी आहे का?" क्रीडा विभागाच्या बाई फोनवर, "अगं, जरा समजुतीने घे ना!" पोरं तर, "शिट्टी, जरा तरी लाज!" ती मधोमध उभी. "सर, मी बोट चालवली तर ओढणार कोण? ओढायला गेले तर चालवणार कोण?" एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच.

मग कप्तान आला. ओरडला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, "दुसरा माणूस कोण होता?"

"कोण का असेना. आत्ता नाहीये."

"मला पण नाही सांगणार?"

"नाही."

मी दाराआड. हातात जुडगा. एक पाऊल टाकलं असतं बाहेर... एक! म्हटलं असतं, मी होतो रे, माझ्यामुळे झालं. पण पायच उचलेना. मनात आपलं तेच, माझ्याकडे फक्त किल्ल्या, माझ्याकडे फक्त किल्ल्या...

दोनला साहेब गेले. आणि दुपारभर पाणी कसं होतं म्हणता? इस्त्री केल्यासारखं! एक लाट नाही. एक माणूससुद्धा बुडाला नसता. पोरं तिला ऐकवत होती, बघ, काय होणार होतं? ती जॅकेटं मोजत होती. कप्तानने शीड उतरवलं, कडेला कड जुळवून घडी घातली, माझ्या हातात किल्ली दिली. मी त्याला चहा आणून दिला. त्याने घेतला, थँक्यू काका म्हणाला. आणि त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलला नाही. परीक्षा झाली, लांबच्या शहरात विम्याच्या ऑफिसात लागला, निघून गेला. पायरीवर आता ती एकटी बसून बुटातलं पाणी ओतायची.

मी उडी मारली बरं का मग. त्याच महिन्यात. पोरांनी मोबाइल काढले, काढू दे. रबरी माणूस ओढून काठाला आणला आणि त्याला धरून तिथेच रडलो. सगळ्यांना वाटलं, काकांना दम लागला.

तीही पास होऊन गेली. मला राहवेना. शेवटी कप्तानला फोन केला, सगळं ओकून टाकलं. तो म्हणाला, "काका, मला तेव्हाच कळलं होतं. चार वर्षांत तुम्ही कधी कोणाला चहा आणून दिलात?"

"अरे मग बोलला का नाहीस तिच्याशी?"

"मी विचारलं, तिने सांगितलं नाही. एका होडीत बसून चार वर्षं काढली काका, आणि एवढाही भरवसा नाही? शर्यत गेली, त्याचं मला एवढं नव्हतं."

"पण तुला कळलंय, हे तरी तिला सांगायचं!"

"बोलायला गेलो असतो तर भांडण झालं असतं, आवाज चढले असते. तुमचं नाव बाहेर आलं असतं."

ऐकलंत? दोघांनी माझी नोकरी वाचवली. दोघांनी! एकमेकांना न सांगता, आपापलं बुडवून!

मी लगेच तिला फोन लावला. सगळं सांगितलं, त्याचा नवा नंबर दिला, म्हटलं, बाई गं, आत्ताच्या आत्ता कर. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "काका, इतक्या दिवसांनी अचानक माझा फोन गेला तर दचकेल हो तो. आणि नेमका गाडी चालवत असला तर?"

म्हटलं, मग थोड्या वेळाने कर.

हो म्हणाली.

याला आता दोन वर्षं झाली. मधूनमधून विचारतो मी, केलास का गं? नाही म्हणते.

काय करणार... अजून गाडीच चालवतोय तो.