बिटकॉइन आणि आबांचा गोठा

आईशपथ, शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे मी तिथं नव्हतो, पण माझा मामेभाऊ सोम्या होता, आणि तो खोटं फक्त बायकोशी बोलतो.

सोम्या आंदर मावळातला. आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, शर्यतीचा बैल आणायला पैसे दिले. यानं ते गुपचूप बिटकॉइनमध्ये घातले. एका दुपारी टीव्हीवर बातमी आली, अमेरिकेनं बाहेरच्या मालावर कर वाढवला, बिटकॉइन गडगडलं.

आबा म्हणाले, "त्यांच्याकडं माल म्हाग झाला, तू का पांढरा पडलास?"

सोम्या विकायला पळाला. पण गावात रेंज नाही. ती मिळते वर पठारावर. तासभर चढून पोचला, मोबाईल उघडला, तर तेवढ्यात अमेरिकेनं कर पुढं ढकललेला! भाव आधीपेक्षा वर. तेव्हा विकलं आणि नाचत खाली आला.

"कुटं गेलतास?"

"आबा, बैल वाचवायला."

"आरं, बैल अजून घेतलाच न्हाई की!"

मग सगळं बाहेर आलं. आबांनी विचारलं, "म्हंजी घरात रेंज असती, तर बुडाला असतास?"

"व्हय."

आबा शिव्या देतील असं वाटलं होतं. पण त्यांनी बैल आणला आणि गोठ्याचा अर्धा भाग भाड्यानं द्यायला काढला. आता बिटकॉइन घेतलेले पुण्याचे कॉम्प्युटरवाले तिथं येऊन बसतात. कितीही घाबरले तरी विकता येत नाही.

बुकिंग माझ्याकडे असतं. तू मघापासून मोबाईल बघून घामाघूम झालायस. बैलाशेजारची जागा शिल्लक आहे. काढ ॲडव्हान्स.